लाइट गेल्यावर रिंग बदलू नये

माझ्या बायकोच्या डाव्या हाताची तीन बोटं जे सांगायची ते माझ्या डोळ्यांना दिसायचं नाही. अंगठ्याशेजारचं, मधलं आणि त्याच्या पुढचं. पॉलिश केलेल्या पोलादावरून ती ही बोटं हळू ओढायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "इथं राहिलंय." मी बल्बखाली धरून, तिरकं करून बघायचो. काही नसायचं. मग भिंग लावलं की केसाहून बारीक रेघ सापडायची. सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडवर नाव माझं होतं, भाव मी ठरवायचो, गिऱ्हाइकांशी भांडायचो मी. पण माल पास व्हायचा तो त्या तीन बोटांमुळे. हे मी तेव्हा कुणाला सांगत नव्हतो. तिलाही नाही.

आमचं काम साच्यांना पॉलिश करायचं. सिल्वासात तेव्हा प्लास्टिकचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते. बादल्या, मग, बाटल्यांची झाकणं. ज्या पोलादी साच्यातून वस्तू निघते त्याला डाय म्हणतात. डायच्या आतल्या अंगावर एक रेघ राहिली की ती निघणाऱ्या प्रत्येक झाकणावर उमटते, म्हणून आतून ती आरशासारखी लागते. सुरुवातीचं घासणं हँड ग्राइंडरनं करायचं. हातात मावणारी मोटर, पुढे निघालेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला अंगठ्याएवढं गोल रबर. त्या रबरावर एमरी कापडाची, म्हणजे घासकागदासारख्या खरखरीत कापडाची रिंग चढवतात. रबराच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की रबर फुगतं आणि रिंगला आतून धरून ठेवतं. सैल केला की रबर आक्रसतं आणि रिंग निघते. कडक पोलादावर रिंग फार टिकत नाही. कण उडून जातात, कापड गुळगुळीत होतं, जळक्या रबराचा वास यायला लागतो. मग ती काढायची आणि दुसरी चढवायची. अर्धी झिजलेली रिंग आम्ही टाकत नव्हतो. सायकलच्या तारेत ओवून ठेवायचो, कारण पुढच्या बारीक कामाला तीच बरी.

आमच्याकडे दोन ग्राइंडर होते. मी एकावर घासायचो, तोवर ती दुसऱ्याची रिंग बदलून ठेवायची. एका हाताच्या मुठीत रबर घट्ट धरायचं, दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायचा. माझ्यापेक्षा ती हे लवकर करायची.

हे काम मी शिकलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, इथल्याच एका कारखान्यात. शहाद्याच्या बाजूचा मी, अंगावरच्या कपड्यानिशी आलो होतो. तिथल्या फोरमनचा नियम होता, लाइट गेली म्हणजे सुट्टी नाही. लाइट असताना घासायचं, लाइट गेली की रिंगा बदलायच्या, म्हणजे चालू मशीनचा वेळ फुकट जात नाही. पंख्यांचा आवाज थांबला की आम्ही सगळे बाकावर ओळीनं बसून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचो. स्विच बंद केला की नाही हे कुणी बघत नसे. मशीन तर थांबलेलंच असायचं.

एकदा माझ्या मुठीत रबर असताना लाइट आली. माझा स्विच चालूच राहिला होता. मूठ सैल होती म्हणून वाचलो. मशीन मांडीवर उसळलं, मी ते फेकून दिलं आणि बाकावर चढलो. बाकावर का चढलो हे मला आजही सांगता येत नाही. ग्राइंडर फरशीवर आपटून त्याचं अंग तडकलं.

फोरमन वलसाडकडचा गुजराती. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "शुं भाई, डरी गयो?" सगळे हसले. "खाली उतर रे. ग्राइंडर आहे तो, साप नाही."

मी म्हणालो, "आधी स्विच बंद करायचा नियम करा ना, साहेब."

"करू की. आणि तुझ्यासाठी पाळणा पण बांधू इथं. झोका द्यायला कुणाला ठेवू?"

मग त्यानं मला तो तडकलेला ग्राइंडर हातात घेऊन प्रत्येक बाकाशी पाठवलं. प्रत्येकाला सांगायचं, हे माझ्या घाबरण्यानं फुटलं. मी सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत सांगितलं. पुढे वर्षभर मला तिथं 'बाकवाला' म्हणत होते. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. चूक त्याच्या नियमाची होती, हे त्याला त्या दिवशीच कळलं होतं. मी त्याचा चेहरा बघितला होता.

पण माझ्यावर त्याचा परिणाम उलटाच झाला. स्वतःची शेड टाकली तेव्हा मी तोच नियम लावला. लाइट गेली की रिंगा. मला दाखवायचं होतं की मी घाबरत नाही. खरं तर दर वेळी घाबरायचो. लाइट गेलेली असताना मुठीत रबर धरायच्या आधी दुसरीकडे बघतोय असं दाखवून मी स्विच दोनदा चाचपायचो. बायकोनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "मधेच लाइट आली तर?" मी म्हणालो होतो, "काही होत नाही. मी इतकी वर्षं करतोय."

आमच्या दोन ग्राइंडरांपैकी एक वापीहून जुना घेतलेला. त्याच्या स्विचशेजारी एक छोटी कळ होती. ती दाबली की स्विच दाबलेलाच राहतो, तासभर घासलं तरी बोट अवघडत नाही. पुन्हा स्विच दाबला की ही कळ सुटायला हवी. या ग्राइंडरची सुटायची नाही, नखानं उचकटावी लागायची. आत गेलेली आहे की बाहेर, हे नुसतं बघून कळायचं नाही. ही खोड मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. दुकानात याच खोडीवर बोट ठेवून मी त्या माणसाला पार खाली आणलं होतं. नवा स्विच टाकायलाच मला खर्च आहे म्हणालो होतो. टाकला मात्र नाही. वायर काढून ठेवावी तर बोर्ड बाकाच्या मागे, त्यासाठी बाक सरकवावा लागे. तेही कुणी करत नव्हतं.

उन्हाळा लागला होता. दुपारी जेवणाच्या आधी मी त्या जुन्या ग्राइंडरवर दादऱ्याच्या एका कारखान्याची डाय घासत होतो आणि लाइट गेली. मशीन हातातच मावळलं. त्याच वेळी बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. दादऱ्याचे साहेबच आले होते. त्या कारखान्याची खरेदी बघायचे, मूळ मुंबईचे, बोलायला गोड आणि सोडायला कठीण. मी ग्राइंडर होता तसा बाकावर ठेवला, हात पुसले आणि बाहेर गेलो. शेडमध्ये तापत होतं म्हणून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलो. पुढची डाय घ्यायची होती आणि भांडण एकाच गोष्टीवर होतं, रिंगा कुणी घालायच्या.

"रिंगा तुमच्या," मी म्हणालो.

"पॉलिशवाले तुम्ही. रिंगा मी कशाला घेऊ? बोटात घालायला?"

"तुमचं पोलाद कडक आहे. मागच्या डायनं माझी दोन पाकिटं खाल्ली."

"खाल्ली तर खाल्ली. बाळंतीण होती का?"

टपरीवाला हसला. मी हसलो नाही. "एका डायला एक पाकीट. याच्याखाली मी यायचा नाही."

"अर्धं."

"अर्ध्या पाकिटात अर्धी डाय करतो. अर्ध्या झाकणाला गिऱ्हाईक आहे का तुमच्याकडे?"

"तुम्ही ना, रिंगा जपून वापरत नाही. मधे मधे थांबलं तर टिकतील."

"मी थांबत नाही, साहेब. एकदा कळ दाबली की जेवणापर्यंत सोडत नाही मी."

हे बोललो आणि तोंड उघडंच राहिलं. कळ मी सोडली नव्हती. लाइट जाताना मशीन माझ्या हातात थांबलं, मी ते बाकावर ठेवलं, हात पुसले. नखानं कळ उचकटल्याचं काही केल्या आठवेना. आणि लाइट गेली होती. म्हणजे ती या क्षणी बाकाशी बसली असणार, डाव्या मुठीत रबर धरून. मीच लावलेला नियम.

मी उठलो.

आता हे सांगायला हवं की उठणं हे माझं हत्यार होतं. भाव जमला नाही की मांडीवर हात मारून उठायचं आणि चालायला लागायचं. पाच पावलांत मागून हाक यायची. वापीपासून दादऱ्यापर्यंत सगळे मला यासाठी ओळखत होते. साहेबांनी माझं मनगट पकडलं.

"बसा हो, बसा. हे उठणं आम्हाला पाठ आहे."

"सोडा."

"अर्धं पाकीट आणि वर पाच रिंगा."

"हात सोडा, साहेब!"

"बघ रे, आवाज पण चढवतोय," ते टपरीवाल्याला म्हणाले. "बरं, पाऊण! पाऊण पाकीट. आता तरी बसा."

मला शब्द सापडेनात. बायको, कळ, लाइट, एवढे तीन शब्द पुरले असते. माझ्या तोंडून फक्त "सोडा, सोडा" निघत होतं, आणि मी जितका ओढत होतो तितके ते हसत, घट्ट धरत होते. त्यांच्या बोटात अंगठी होती, ती माझ्या हाडावर रुतत होती. मी त्यांना ढकललं. ते बाकडं घेऊन मागे पडले. त्याच वेळी टपरीच्या बांबूवरचा बल्ब लागला. दिवसाढवळ्या लागलेला तो पिवळा बल्ब आणि समोरच्या सूत कारखान्यातून चढत गेलेला मोटरांचा आवाज.

रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला असेल? वीस-पंचवीस पावलं. एका टेम्पोवाल्यानं शिवी दिली तेवढं आठवतं. शेडमधून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचे आवाज येत होते, ठण ठण ठण, आणि त्यात ग्राइंडरचं किंचाळणं. तिचा आवाज नव्हता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दारात पोचलो. ग्राइंडर खाली पडून वायरीच्या टोकाला उड्या मारत होता, भिंतीच्या पत्र्यावर आपटत होता. ती कोपऱ्यात उभी होती. डावा हात उजव्या काखेत दाबलेला, चेहरा राखेसारखा.

"बंद करा ते," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी दारातच उभा राहिलो. पुढे पाऊल टाकता येईना. ते मशीन माझ्या दिशेला उसळलं की मी मागे सरकत होतो. ती माझ्याकडे बघत होती आणि मी मशीनकडे. मला वाटतं मी दाराची चौकट धरून ठेवली होती. मागून साहेब धापा टाकत आले, माझ्या अंगावरून आत गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला. सगळं थांबलं. मग मला ऐकू आलं की मी ओरडतोय. कुणावर ओरडत होतो? त्यांच्यावर. "तुम्ही हात धरला! तुम्ही धरला माझा हात!"

"आधी वहिनींना बघा," ते म्हणाले.

तिनं हात बाहेर काढला. तीन बोटांच्या टोकांवरची कातडी गेलेली. आत गुलाबी, ओलं. रक्त जरा उशिरा आलं. तिनं नवी रिंग चढवली होती आणि स्क्रू आवळत होती. जुनी, झिजलेली रिंग असती तर चटका बसला असता, फोड आले असते. नवीन रिंगेनं घासून नेलं. पोलाद नेण्यासाठीच ती असते.

साहेबांच्या स्कूटरवर आम्ही तिघं बसलो. ती मधे. तिच्या हाताला मी माझा शर्ट गुंडाळला होता. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं, "भात चुलीवर राहिला," आणि मी म्हणालो, "राहू दे."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धुऊन पट्टी केली. हाडाला काही नाही म्हणाले. कातडी येईल. मी विचारलं, "बोटांना पहिल्यासारखं कळेल ना?"

"कळेल म्हणजे?"

"ही हात लावून सांगते. रेघ आहे का नाही ते."

त्यांना काही समजलं नसावं. "स्पर्श किती परत येईल ते आता नाही सांगता येणार."

"तीन आठवड्यांत?"

"नाही सांगता येणार."

"महिना धरू?"

"अहो, ही काय भाजी आहे?" डॉक्टर म्हणाले. "बघू. वाट बघायची."

आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस खालीही येत नव्हता आणि वरही जात नव्हता. मी तिथंही आवाज चढवणार होतो. तिनं चांगल्या हातानं माझं कोपर ओढलं.

पुढचे दिवस मी शेड उघडायचो आणि बसून राहायचो. मशीन दुरुस्तीला दिलंय असं गिऱ्हाइकांना सांगायचो. पहिल्याच दिवशी तो स्विच बदलला, बोर्ड बाकाच्या पुढे घेतला, तरी ग्राइंडर हातात धरून चालू करायचा म्हटलं की मी तो परत बाकावर ठेवायचो. समोरच्या कारखान्यातल्या मोटरा थांबल्या, की लाइट गेली हे कळून मी हात मांड्यांखाली घालून बसायचो. मग लाइट यायची, मोटरांचा आवाज चढायचा आणि मी ते आणखी दाबून धरायचो. आणि भीती अशी वर आली की मला राग यायचा. तिच्यासमोर मी रोज साहेबांना शिव्या घालायचो. त्यानं हात धरला नसता तर मी पोचलो असतो. वीस पावलं तर होती.

एकदा मी तिची वेणी घालत होतो. चार वेळा सुटली होती. तिनं मान न हलवता विचारलं, "त्यांनी हात का धरला?"

"का म्हणजे? भावासाठी."

"तुम्ही खरं उठून राहिले हे त्यांना कसं कळावं? मला तरी कळलं असतं का?"

मी पाचव्यांदा पेड घालायला घेतले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाले होते, काही होत नाही." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं.

पट्टी सुटली तेव्हा टोकांवरची नवी कातडी बटाट्याच्या कोवळ्या सालीसारखी चकचकीत होती, रेषा नसलेली. मी पितळेचा पेला पुढे केला. तिनं बोटं फिरवली.

"कसं वाटतं?"

"कापसातून हात लावल्यासारखं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "येईल हळूहळू."

दादऱ्याची डाय तशीच पडून होती. शेवटी मी ग्राइंडर हातात घेतला. एक एक रिंग मी स्वतः बदलली, वायर बोर्डातून काढून, समोर ठेवून, आणि तरी स्क्रू फिरवताना डोळे मिटले जायचे. ज्या रिंगा ती पापणी लवेस्तोवर बदलायची त्यांना मला चहा थंड होईस्तोवर वेळ लागायचा. शेवटचं काम, पेस्ट लावून लाकडाच्या काडीनं चोळायचं, ते तिनं केलं. मग तिनं तीन बोटं आत घातली आणि खूप वेळ फिरवली. पूर्वी ती म्हणायची, "झाली." त्या दिवशी म्हणाली, "बरी आहे."

मला तो शब्द आवडला नाही. मी भिंग लावून बघितलं, मला काही दिसलं नाही. पण मला भिंगातूनसुद्धा आधी तिनं दाखवलं तरच दिसायचं.

डाय सायकलच्या कॅरियरला बांधून मी दादऱ्याला गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. टॉर्च घेऊन ते डायमध्ये वाकले आणि वाकलेलेच राहिले.  त्यांनी टॉर्च फिरवली, पुन्हा त्याच जागी आणली. रेघ होती. नखाएवढी, पण होती.

त्यांनी टॉर्च विझवली. "ठीक आहे. पास."

"दिसली ना तुम्हाला?"

"झाकणाच्या आतली बाजू आहे ती. कोण बघतं? वहिनींना सांगा, पास झाली."

"डाय द्या इकडे."

"अहो, मी पास करतोय."

"मी करत नाहीये."

"हे बघा, त्या दिवशी मला खरंच वाटलं की तुम्ही—"

"डाय द्या, साहेब."

ते हात बाजूला घेऊन उभे राहिले. या वेळी धरला नाही. टेबलावर रिंगांचं एक पूर्ण पाकीट होतं, माझ्यासाठीच काढून ठेवलेलं. ते मात्र मी उचललं.

खरं सांगायचं तर डाय मी मानासाठी परत आणली असं मला तेव्हा वाटलं होतं. सामरवरणीच्या वाटेवर पायडल मारता मारता कळलं की मानापेक्षा भीती मोठी होती. आज दयेनं पास झाली. उद्याची दुसऱ्या कुणाची असेल, तो दया का करील? आणि ती? तिनं विचारलं तर काय सांगायचं? पूर्ण रस्ता मी खोटं जुळवत होतो.

ती शेडच्या दारात उभी होती. "पास?"

"हो."

"मग परत कशाला आणली?"

एवढं जुळवलेलं, आणि हा साधा प्रश्न डोक्यात आलाच नव्हता. "अजून एक हात मारा म्हणाले. तसं काही नाही."

"कुठं?"

"सगळीकडेच. थोडा थोडा."

तिनं डाय बाकावर घेतली. डाव्या हाताची बोटं आत घातली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली. थांबली नाही. पुन्हा नेली. मग तिनं उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख लावलं आणि सावकाश खरडत आणलं. नख एका ठिकाणी अडकलं.

"हे होय," ती म्हणाली. जरा वेळ तिथंच नख ठेवून उभी राहिली. "इथून माझं बोट आताच गेलं. दोनदा."

मी म्हणालो की उजेड कमी आहे, नवी कातडी आहे, डॉक्टर म्हणालेत वेळ लागतो. मी बोलत राहिलो. तिनं स्टूल ओढलं.

"बसा इथं. डोळे मिटा."

"मी?"

"मग काय शेजाऱ्याला बोलावू?"

मी बसलो, डोळे मिटले. तिनं माझं अंगठ्याजवळचं बोट डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि डायच्या आत नेलं. पोलाद गार होतं.

"किती राठ बोट आहे हो. दाबू नका. सोडा ते, मी नेते. काही लागलं?"

"नाही."

"परत. आता?"

"नाही."

"आता?"

मला काहीही लागत नव्हतं. सगळीकडे सारखंच गुळगुळीत. मला वाटलं, नाही म्हणत राहिलो तर ती थांबेल, आणि ती थांबली तर सगळंच थांबलं. "हां," मी म्हणालो. "लागलं आता."

"खोटं बोलू नका. मी अजून रेघेजवळ नेलंच नाही."

तिनं माझं बोट उचललं, पहिल्या कडेला ठेवलं आणि परत सुरुवात केली. तिची चिमूट घट्ट होती. त्या तीन टोकांना माझं बोट कळत होतं की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी डोळे मिटून बसलो आणि ती नेईल तिकडे बोट जाऊ दिलं.